महालक्ष्म्या जेवत असताना

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. आमच्याकडे म्हणजे माझ्या सासरी, केनवडजवळच्या खेड्यात. मी देव मानत नाही, तरी 'आमच्याकडे' हा शब्द तोंडातून जातोच. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस स्वतःशी किती भांडणार? मी तिथून जवळच्याच मालेगावला शाळेत विज्ञान शिकवते. सणाला गावी जाते, पुरण वाटते, सोळा भाज्या चिरते, आणि आरतीच्या वेळी मला नेमकं चुलीपाशी काम निघतं. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. सासू आल्यागेल्याला सांगते, "आमची सून कामाले वाघीन, पन देवाले बिनकामाची."

मी काही जन्मापासून अशी नव्हते. लहानपणी सोमवार धरायचे. पिंडीवर पाणी घातल्याशिवाय घोटभर चहासुद्धा घ्यायचे नाही. मग धाकट्या भावाला वावरात साप चावला. गावातल्या मोठ्या माणसांनी त्याला देवळाच्या ओट्यावर नेऊन झोपवलं, कडुनिंबाचा पाला चारला आणि घंटा वाजवत बसले. दवाखान्यात न्यायला गाडी आली तोवर तो थंड पडला होता. त्या दिवशी मी देवाशी बोलणं टाकलं. पुढे कॉलेजात पुस्तकं वाचली, कारणं सापडली. पण खरं सांगू का, राग आधी आला, कारणं मागून आली. तो राग अजून निवलेला नाही. कोणी डोळे मिटून हात जोडलेले दिसले की माझं डोकं सरकतं.

यंदा शिमग्याच्या सुमाराला सासूला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ मात्र शाबूत. महालक्ष्म्या घरात आल्या त्या दिवशी तिनं मला खुर्चीजवळ बोलावलं. आमच्या घरात महालक्ष्म्यांचे मुखवटे सासूकडून थोरल्या सुनेकडे जातात. एकदा घेतले की खंड पाडायचा नाही. सुनेनं नाही म्हटलं तर ते पैनगंगेत सोडायचे, मग त्या घरात महालक्ष्म्या कायमच्या बंद.

"घेशीन का?" तिनं विचारलं.

"घेईन की. तुमच्यासाठी घेईन, आई."

"माह्यासाठी? अन् त्याईच्यासाठी?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं, पण माझा स्वभाव! "त्या हायेत कुठं, आई?"

ती म्हणाली, "मंग नको. भरोसा नसंन तं नुसता देखावा कायले? नदीत सोडू."

मला चांगलंच झोंबलं. अरे, मी एवढं करायला तयार झाले, तर माझा देखावा? दिवसभर मी भांडी आपटत होते.

दुसरा दिवस जेवणाचा. महालक्ष्म्या म्हणजे माहेरवाशिणी, तीन दिवसांसाठी घरी आलेल्या लेकी. त्यांच्यापुढे पानं वाढायची, पुरणपोळी, आंबील, कढी, भाज्या, आणि मग सगळ्यांनी खोलीबाहेर जाऊन दार लावून घ्यायचं. आत त्या जेवतात. कोणी डोकावायचं नाही. सासू म्हणेल तेव्हाच दार उघडायचं. निवद दाखवून झाला, सगळे उठले, नवरा आईची खुर्ची उचलायला वाकला, तर ती म्हणाली, "मी नाही येत बाहीर."

"आई, असं जमत नाही," तो गडबडला.

"सारा जलम दरवाजाबाहीर बसली मी. एकबार पाहू दे. पाहतो, अन् सांगतो इले." तिनं डाव्या हातानं माझ्याकडे बोट केलं.

तिच्यापुढे कोणाचं चालणार? दार लागलं.

आम्ही अंगणात बसलो. बसलो म्हणजे बाकीचे बसले. माझा पाय एका जागी ठरेना. तुळशीपर्यंत जाऊन आले, परत दारापाशी आले. आत काय दिसणार होतं तिला? भाताची वाफ विरेल. कढीवर साय धरेल. पोळीवरचं तूप थिजेल, एखादी माशी येऊन बसेल. बाकी काही नाही. जे मी इतकी वर्षं सांगत आले, ते आता तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार होतं. मी जिंकणार होते. पण चालता न येणारी बाई, अर्धं अंग गेलेलं, तिच्याजवळ हे एवढंच तर होतं. तेही आज गेलं तर ती उरलेले दिवस कशाच्या आधारावर काढणार? त्या घटकेला मला मनापासून वाटलं की आत काहीतरी घडावं. पोळीचा तुकडा मोडावा, वाटी हलावी, काहीही. स्वतःचाच मला संताप आला.

शेवटी राहवलं नाही. तिनं हाक मारायच्या आधीच मी आत शिरले आणि दार मागे लोटून घेतलं.

ती पानांकडे टक लावून बसली होती.

"कोनी नाही आलं वं," ती हळूच म्हणाली. "पानं जशीच्या तशी हायेत. मी कोनासाठी बसली बाहीर इतके सालं?"

आणि मी, विज्ञानाची मास्तरीण, ताडकन बोलले, "तुमी बसल्या ना समोर! कोनी असं टकमक पाहून राह्यलं तं लेक जेवते का? मी नवी नवरी आली तवा तुमी समोर बसल्या की माहा घास उतरत नोहता."

तिला हसू आलं, डोळे मात्र भरलेलेच होते. "खरंच असंन तसं? मले फसवू नको. तुले काय वाटते?"

'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर कायमचा तयार असतो. तो आला नाही. 'हो' म्हणायला गेले तर तेही खोटं वाटलं.

"मले माईत नाही, आई," मी म्हटलं. वर्गात पोरांना मी रोज सांगते, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. देवाच्या बाबतीत मी स्वतः ते कधी म्हटलं नव्हतं.

"मलेबी नाही," ती म्हणाली.

मी नवऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून तिची खुर्ची बाहेर आणली. मग मी कढी पुन्हा गरम केली, भात बदलला, पोळ्यांवर ताजं तूप सोडलं. "एकडाव दाखवलेला निवद पुन्हा?" नवरा म्हणाला. "तुमी गप राहा," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं. सासूच्या खुर्चीला टेकून खाली बसले. तिचा डावा हात माझ्या खांद्यावर होता, जड आणि गरम.

बराच वेळ गेला. लेकरं भुकेनं कुरकुरायला लागली.

"आई, झालं असंन आता," नवरा म्हणाला. "उघडू का?"

ती माझ्याकडे बघत होती. मग सगळेच माझ्याकडे बघायला लागले.

"थांबा," मी म्हटलं. "जेवू द्या त्याईले."