राधाबाईंची दोन दारं

केशवापुरात नवं घर उठत होतं तेव्हा राधाबाईंनी कशातच तोंड घातलं नाही. जिना कुठून घ्यायचा, देवघर कुणीकडे, फरशी कडाप्पा की शहाबादी, सगळं थोरल्या दिरांनी, शेषगिरी अण्णांनी ठरवलं आणि नवऱ्यानं, वसंतरावांनी, मान डोलावली. बाईंनी एकच मागणं घातलं. घरात दोन न्हाण्या होणार होत्या, खाली अण्णांच्या खोलीला लागून एक आणि माडीवर एक. त्या दोन न्हाण्यांची दारं माझ्या पसंतीची. वसंतरावांना वाटलं, बायको फार थोडक्यात खूष झाली. ते आनंदानं हो म्हणून दुकानात निघून गेले.

हे शहाऐंशी सालचं. त्यानंतर आठ दिवस राधाबाई दारं बघत फिरल्या. बरोबर अळणावरकडचा पुंडलिक सुतार. बिचाऱ्याला वाटलं होतं, न्हाणीचं दार म्हणजे चार फळ्या, आतून पत्रा आणि एक कडी. एक दुपार पुरे. पण बाई काही वखारीतून हलेनात. सागवान ठोकून बघायच्या, नखानं खरवडून बघायच्या. पाणी लागून फुगेल का, फुगलं तर कडी बसेल का, फटीतून उजेड येईल का, खालून किती बोटं मोकळं राहील. "खालनं बोटभर तरी सोडायला लागतंय बाई, न्हाईतर दार घासतंय," असं पुंडलिक म्हणाला, तर त्या म्हणाल्या, "घासू दे. ढकलायला माझे हात आहेत."

माडीवरच्या न्हाणीला त्यांनी जुन्या सागवानाचं दीड इंची दार घेतलं. त्याला वर, मध्ये आणि खाली अशा तीन कड्या. पुंडलिकनं हळूच विचारलं, आत न्हाणार की तिजोरी ठेवणार? बाई हसल्या नाहीत.

मग खालच्या न्हाणीची पाळी आली. अण्णांना बेंगळूरच्या एका लॉजमध्ये शॉवर फार आवडला होता, म्हणून खाली शॉवर बसणार होता. स्टेशन रोडला अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत काच बसवून देणारा एक दुकानदार होता. त्यानं मोठ्या कौतुकानं दुधी काच दाखवली. शॉवरला आता हीच चालते, पाणी उडालं तरी भीती नाही, उजेड येतो आणि आतलं काही दिसत नाही. बाईंनी पुंडलिकला त्या काचेमागं उभं केलं आणि हात वर करायला सांगितला. नुसतं पांढरट धुकं दिसलं. मग रेघांची काच. बोटं मोजता आली. मग साधी, खिडकीला लावतात तसली काच. पुंडलिकच्या गळ्यातला ताईत, त्याचा काळा दोरा आणि दोऱ्याची गाठसुद्धा दिसली.

"ही," बाई म्हणाल्या.

"बाई, ह्यात माणूस अख्खा दिसतोय की."

"दिसू दे."

"याक्री? का हो बाई?" पुंडलिक चक्रावून कानडीत शिरला. "असली काच दुकानाला लावत्यात. न्हाणीला कोण लावतंय?"

"मी लावतेय," बाई म्हणाल्या आणि दुकानदाराला माप लिहून घ्यायला सांगितलं.

पुंडलिकला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. डोकं अगदी ठिकाणावर होतं. चौदा वर्षं ते एकाच ठिकाणी होतं.

चौदा वर्षांपूर्वी त्या नुसत्या राधा होत्या. एकवीस वर्षांची, निपाणीची, नवी सून. दाजीबानपेठेत पुढं कापडाचं दुकान आणि मागं घर. घरात बाई माणूस ती एकटीच. सासू-सासरे केव्हाच गेले होते आणि अण्णांची बायको बाळंतपणात वारली होती. अण्णांनी पुन्हा लग्न केलं नाही, धाकट्या भावाला लेकरासारखं वाढवलं. अण्णा घरात आले की राधा पदर ओढून आत जायची. थोरल्या दिरासमोर उभं राहायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ही त्या घराची रीत होती. काही सांगायचं झालं तर नवऱ्याला सांगायचं. नवरा अण्णांना सांगणार आणि अण्णांचं उत्तर नवऱ्याच्याच तोंडून परत येणार. अण्णाही तिकडून तसेच. मागच्या अंगणात सून वावरते म्हटल्यावर ते तिकडं फिरकतही नसत. पुरुषांच्या आंघोळी पुढच्या चौकातल्या दगडावर उघड्यावर व्हायच्या. मागची न्हाणी एकट्या राधाची, आणि तिच्या पाठीमागून बोळ जायचा. बोळातून कापडाच्या गाठी दुकानात यायच्या.

बहात्तरच्या दिवाळीत, ऐन गिऱ्हाइकाच्या गर्दीत, दुकानातली कापड फाडायची फळी मोडली. अण्णांनी गादीवरूनच हुकूम सोडला, मागच्या न्हाणीचं दार काढून आणा, दोन दिवसांत नवं करून घेऊ. दार गेलं. न्हाणीला एक गोणपाट टांगलं. दोन दिवस झाले, दिवाळी झाली, संक्रांत झाली.

राधानं नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "अण्णा म्हणाले, बघू." मग पुन्हा सांगितलं, उत्तर आलं, "अण्णा म्हणाले, एवढी काय घाई आहे." एकदा तिनं स्वतःच गंजका पत्रा मिळवून उभा केला, तर वसंतरावांनी तो संध्याकाळी काढून ठेवला. अण्णांना आवडणार नाही, म्हणाले. राधा गोणपाटाच्या कडेला दगड ठेवून, एक डोळा बोळाकडं ठेवून, चार तांब्यांत आंघोळ उरकायला शिकली.

पंच्याहत्तर साली एका सकाळी हमाल पाठीवर गाठ घेऊन बोळातून चालला होता. गाठीच्या लोखंडी पट्टीत गोणपाट अडकलं. त्याला काय ठाऊक? तो तसाच पुढं गेला आणि गोणपाट त्याच्यामागून फरफटत दुकानात गेलं. राधा हातात तांब्या घेऊन उभी. बोळात तिघंजण होते. त्यातला एक हसला. ते हसू तिला पुढं कधीही, भाजी चिरताना, देवापुढं वात लावताना, मध्येच ऐकू यायचं.

दुपारी वसंतराव गोणपाटाची घडी घेऊन आत आले. "अण्णा म्हणाले, बाईमाणसालाच भान नको का," एवढं बोलून त्यांनी घडी तिच्यापुढं ठेवली.

त्या दिवसापासून राधा लुगडं नेसूनच न्हायली. उन्हाळा असो, थंडी असो, अंगावर ओलं लुगडं. आणि त्याच दिवशी तिनं अण्णांशी अबोला धरला. गंमत अशी की ती त्यांच्याशी आधीही बोलत नव्हती, त्यामुळं तिचा अबोला कुणाच्या ध्यानातच आला नाही. अकरा वर्षं ती या माणसाला ताटात वाढत होती आणि वाढताना मनात म्हणायची, एक दिवस तुम्हालाही असंच उभं करीन. चारचौघांत. हातात तांब्या घेऊन.

तो दिवस वास्तुशांतीचा असणार, हे तिनं दारं घेतानाच ठरवलं होतं. या घराण्याची रीत अशी की नव्या घरात देव मांडायचे ते थोरल्यानं, त्याच घरच्या पाण्यानं आंघोळ करून, ओलेत्यानं. त्याच्या मागोमाग धाकट्यानं न्हायचं आणि बायकोसह शांतीला बसायचं. खालची न्हाणी बरोबर सोप्यात उघडत होती आणि सोप्यातच पाहुण्यांची बैठक होती. गुडघेदुखीमुळं अण्णा महिनाभर नव्या घराकडं आले नव्हते. काच आदल्या दिवशी बसली. वसंतरावांनी ती पाहिली आणि शोभून दिसते म्हणाले. बायकोच्या मनात काय आहे हे काचेइतकं स्वच्छ समोर असतं तरी त्यांना दिसलं नसतं.

पहाटे राधाबाई माडीवर न्हायल्या. वरची कडी घातली, मधली घातली, खालची घातली. मग लुगडं सोडून खुंटीवर ठेवलं आणि किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. अंगावर काही नसताना पाणी कसं घ्यायचं तेच त्यांना आठवेना. पहिला तांब्या अंगावर आला तेव्हा त्यांना रडू कोसळलं, आणि रडता रडताही त्या दाराकडंच बघत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी त्या न्हाणीला कुलूप घातलं. आज दुसऱ्या कुणी ती वापरायची नाही. किल्ली कमरेला खोचून त्या खाली आल्या.

आठ वाजता सोपा भरला. निपाणीची माणसं, पेठेतली माणसं, वसंतरावांची आत्या सगळ्यांत पुढं. भटजी बाळाचार्यांनी होमाची मांडणी केली आणि मुहूर्ताची घाई लावली. पंचा खांद्यावर टाकून अण्णा न्हाणीत शिरले, दार ओढलं, सदऱ्याला हात घातला आणि थांबले. काचेपलीकडून चाळीस माणसं त्यांच्याकडं बघत होती. कुणीतरी खोकलं. मागं एक पोरगी फिसकन् हसली.

राधाबाईंना ते हसू ऐकून काय वाटलं म्हणून सांगावं! अकरा वर्षांची तहान भागली.

अण्णा बाहेर आले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रागात का होईना, रीत त्यांनी मोडली नाही. ते भावाकडं वळले. "वसंता, तिला विचार, हे कसलं दार म्हणायचं?"

वसंतराव बायकोकडं वळले. "अण्णा विचारतायत, हे कसलं..."

"मला ऐकू येतं," राधाबाई म्हणाल्या. मग डोक्यावरचा पदर होता तसाच ठेवून त्या अण्णांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. सोप्यातली कुजबुज थांबली. "काचेचं आहे, अण्णा. तुम्ही मला गोणपाट दिलं होतं, त्याहून बरं आहे. निदान वाऱ्यानं उडत नाही."

"कसलं गोणपाट?"

"विसरलात? चौदा वर्षं झाली. न्हाणीचं दार काढून दुकानात नेलंत, दोन दिवसांच्या बोलीवर. मी बोळाच्या तोंडाला गोणपाटाआड न्हायले. एक दिवस तेही हमालाच्या गाठीबरोबर गेलं. लोक हसले. आणि तुम्ही काय सांगून पाठवलंत? बाईमाणसालाच भान नको का! आता घ्या. तुम्हीही भान ठेवून न्हा."

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते, आणि ते राधाबाईंनाही माहीत होतं. म्हणूनच त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ राधाबाईंना खोटा म्हणता येईना.

"मी सांगून पाठवलं?" अण्णा म्हणाले. "दार काढलं ते मी. ती चूक माझी. पण मला वाटलं, नवं केव्हाच बसलं असंल. मागच्या अंगणात मी कधी आलोय? वसंता, हिनं तुला सांगितलं होतं?"

वसंतराव होमकुंडाच्या विटांकडं बघत होते.

"किती वेळा सांगितलं होतं रे?"

"अण्णा, तुम्ही गिऱ्हाइकाच्या गडबडीत असायचा. तुम्हाला सांगायची मला... आणि तसं काही फार..." वसंतराव थांबले. लहानपणापासून त्यांना भावाची भीती वाटायची. एवढीच गोष्ट होती. त्या एवढ्याशा भीतीपायी त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. 'बघू' त्यांचं होतं, 'घाई काय' त्यांचं होतं, आणि गोणपाटाच्या घडीबरोबर आलेलं ते वाक्यही त्यांचंच होतं.

अण्णा काही निर्दोष नव्हते, दार काढून विसरले ते तेच. पण विसरणं निराळं, आणि रोज शेजारी झोपून दुसऱ्याच्या नावानं खोटं सांगणं निराळं. ज्या रागावर राधाबाईंनी इतके दिवस काढले, तो त्यांनी भलत्याच माणसाच्या ताटात वाढला होता. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला, या खेपेला नवऱ्याचा.

अण्णा परत न्हाणीत जायला निघाले होते. सदरा अंगावर ठेवूनच.

"थांबा, अण्णा," राधाबाई म्हणाल्या. त्यांनी बैठकीवरची कोरी चादर ओढली, दोन पाहुण्यांना उठायला लागलं, आणि दारावरच्या भिंतीत पुंडलिकनं आपणहून, पडदा लागेलच म्हणून, मारलेल्या खिळ्यांना ती स्वतःच्या हातांनी अडकवली. खालून दोन्ही टोकं ताणून बघितली. बोटभरही फट नव्हती. "आता जा."

अण्णा आत गेले. चादरीआड शॉवरचा आवाज आला, बऱ्याच वेळानं थांबला. ओलेत्यानं, देवांचं तबक घ्यायला ते बाहेर आले तेव्हा वसंतराव पंचा घेऊन जिन्याकडं सरकत होते.

"तिकडं कुठं?" राधाबाईंनी विचारलं.

"वर. माझी आंघोळ..."

"वर कुलूप आहे. तुमची आंघोळ इथं."

त्यांनी चादर खिळ्यांवरून काढली. सगळ्यांसमोर तिची दोनदा घडी केली, चारदा घडी केली आणि काखेत धरली. काच लख्ख मोकळी झाली. वसंतरावांनी भावाकडं पाहिलं. अण्णांनी तबकातल्या देवांवरची नजर वर केली नाही.

"जा," अण्णा म्हणाले. "मुहूर्त टळतोय."

आत्या संकोचून उठायला लागली, तिच्यामागून आणखी दोघी. "आत्या, उठू नका," राधाबाई म्हणाल्या. "कुणीच उठू नका."

वसंतराव आत गेले आणि दार लागलं. राधाबाईंनी एक पाट ओढून काचेसमोर टाकला आणि त्यावर बसल्या.