हात न सोडणारी बांगडीवाली

मी बोदवडच्या मुलींच्या शाळेत शिकवत असे आणि दर शनिवारी गाडीने जळगावला माहेरी जात असे. बायकांच्या डब्यात एक बांगडीवाली नेहमी भेटे. आवाज खणखणीत, ओठ पानाने लाल, आणि बोलण्याआधी हसू.

एकदा समोर एक नटलेली बाई बसली होती, जवळ चौदा-पंधरा वर्षांची बावरलेली पोर. "माझ्या बहिणीची मुलगी. मुंबईला मोठ्या घरी कामाला लावते आहे," बाई म्हणाली. मी शिकलेली, पण मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

बांगडीवालीने पोरीचा हात धरला. बांगड्या भरता भरता सहज विचारलं, "बेटा, मावशीनं नाव काय शे?"

पोरीला सांगता येईना. ती मावशी तिला कालच बाजारात भेटली होती, हे मागून कळलं.

बांगडीवाली हसतच राहिली, पण हात काही तिने सोडला नाही. जळगाव येताच पोरीला घेऊन ती उतरली आणि पोलिसाला अशी हाक मारली की सगळा फलाट गोळा झाला. पळू बघणारी बाई धरली गेली.

पोरीचं गाव मागेच राहिलं होतं; तिला घरी पोचवायला बांगडीवालीबरोबर मीही परत निघाले. गाडीत पोर रडू लागली, "आता गावमा तोंड कसं दखाडू?"

"तुले चोरीसन लई जाई राहिनी व्हती ती," बांगडीवाली म्हणाली. "लाज तिले वाटाले जोयजे. तू कसाले रडस?"

पोरीच्या आईलाही तिने दारातच बजावलं, "काही इचारू नको माय, पहिले पोरले खावाले दे."

पोरीने तीन भाकरी खाल्ल्या. चौथी मागताना ती हसली.