गरम लाइनीत गार पाणी

गल्लीत त्यांना सगळे नटबोल्ट म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थातच. उभी हयात बस-डेपोत फिटर म्हणून गेली. रिटायर झाल्यावर हात शिवशिवायचे, म्हणून घरातली एकही वस्तू त्यांनी कंपनीने दिली तशी ठेवली नाही. पंख्यात सुधारणा, मिक्सरमध्ये सुधारणा, अहो, दाराच्या कडीतसुद्धा सुधारणा! त्यात सगळ्यात लाडकी गच्चीवरची गरम पाण्याची टाकी. तिला त्यांनी जादा कॉइल बसवली, स्वयंपाकघरापर्यंत आणि बायकोच्या मोरीपर्यंत वेगळी लाइन ओढली, आणि गार पाण्याला जोर नाही म्हणून गार लाइनीवर पंपही चढवला. पाहुणा आला की चहाच्या आधी गच्ची दाखवायची.

आणि हीच टाकी आठवडाभर कोमट पाणी देत होती.

एरवी त्यांना अशी भानगड म्हणजे पर्वणीच. पण बायकोच्या बोटांचे सांधे आखडलेले. सकाळी गरम पाण्यात हात बुडवल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. लेकीला हे फोनवर कळलं आणि तिचं डोकंच फिरलं. "बाबा, पुरे झाले तुमचे प्रयोग. रविवारी येते आणि आईला घेऊन जाते. कायमची."

त्या 'कायमची'ने नटबोल्ट हादरले. दिवसभर बायकोवर खेकसणारा हा माणूस, पण ती दुपारभर शेजारी गेली तरी दारात येरझाऱ्या घालायचा. तिच्याशिवाय आपण या घरात राहूच शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कबूल करतील तर शपथ!

झालं, घेतला पाना आणि चढले गच्चीवर. कॉइल तपासली, ठणठणीत. थर्मोस्टॅट बदलला. टाकीतला गाळ उपसला. टाकीजवळच्या पाइपला हात लावला तर चटका बसत होता, आणि खाली स्वयंपाकघरात तेच पाणी कोमट! रविवार उजाडला तेव्हा त्यांनी जवळजवळ हात टेकले होते.

"राहू द्या हो आता," बायको म्हणाली. "जाईन मी तिच्याकडे."

ते पुन्हा वर गेले, टाकीचा गरम पाण्याचा व्हॉल्व घट्ट बंद केला, आणि खाली येऊन स्वयंपाकघरातला गरम नळ सोडला. पाणी थांबायला हवं होतं. ते धो धो वाहत राहिलं, तेही गारेगार.

"च्यायला!" म्हणजे पंपाच्या जोरावर गार पाणी गरम लाइनीत घुसत होतं. दोन्ही लाइनी एकत्र येतात ती जागा घरात एकच, बायकोची मोरी. ते स्वतः मागच्या मोरीत बादलीने अंघोळ करत. इकडे कित्येक दिवसांत फिरकले नव्हते. आत जाऊन बघतात तर गरम आणि गार, दोन्ही नळ पूर्ण उघडे, आणि पाणी अडवलेलं फक्त हातात धरायच्या शॉवरच्या बटणाने.

"अगं, हे नळ उघडे कुणी ठेवले?"

"मीच."

"मग बंद करायला काय होतं? नुसतं बटण सोडून भागत नाही, आतल्या आत गार पाणी गरमात शिरतं. जरा तरी डोकं—"

"फिरत नाहीत हो माझ्याने," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात एकदा टॉवेल गुंडाळून, दोन्ही हातांनी कसेबसे उघडले. बटण तेवढं अंगठ्याने दाबता येतं."

"मला सांगायचं नाही?"

"कधी सांगणार? तुम्ही सदा गच्चीवर."

त्यांनी नळाला हात घातला. दोन बोटांनी सहज फिरला. दुसराही फिरला. नटबोल्टांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाकीचा स्क्रू न् स्क्रू तपासला, आणि हिचा हात काही हातात घेऊन बघितला नाही.

वरचा व्हॉल्व उघडल्यावर थोड्याच वेळात नळाला कढत पाणी आलं. त्यांनी घमेलं भरून बायकोपुढे ठेवलं. तेवढ्यात लेक आलीच. तिने पाण्यात बोट घातलं आणि चटकन मागे घेतलं.

"अरे वा! जमलं की बाबा. मग राहू दे आईला इथेच."

"नको. घेऊन जा तिला," नटबोल्ट म्हणाले. "तिकडच्या मोठ्या डॉक्टरला हात दाखव. हिला साधा नळ फिरवता येत नाही, आणि मी एवढा शहाणा, मला पत्ताच नाही."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "आणि तुम्ही हो?"

"मीही येतोय. मला कुणी बोलावलेलं नाही, तरी येतोय."

लेक काही बोलायच्या आत ते आत गेले, बायकोच्या साड्या बॅगेत भरल्या आणि बॅगेची चेन लावून दिली.