अधिक दोन अँपिअर

आमच्या जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवर एक छोटी गोल तबकडी होती. मध्ये शून्य, उजवीकडे अधिक तीस अँपिअर, डावीकडे उणे तीस. इंजिनकडून बॅटरीला वीज मिळत असेल तर काटा उजवीकडे सरके, बॅटरीतली वीज खर्च होत असेल तर डावीकडे. गाडी घेतल्यावर पहिली दोन वर्षं मी त्या काट्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मी मोजणी खात्यात भूमापक होतो. साखळी, फूटपट्टी आणि नकाशा यांच्यावर माझं घर चालत होतं, आणि तरी रोज डोळ्यांसमोर असलेलं एक मोजमाप मी वाचत नव्हतो.

ते वाचायला शिकलो ते मुलीमुळे.

मुलगी अकरा वर्षांची होती. वर्षातून चार-पाच वेळा तिचे हातपाय आणि कंबर इतकी दुखायची की अंगावरची चादरसुद्धा तिला सहन होत नसे. नागपूरला रक्त तपासलं तेव्हा कळलं की तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. तिला भरपूर पाणी पाजा, थंडी लागू देऊ नका, आणि दुखणं वाढलं तर वाट न पाहता सलाईन लावायला दवाखान्यात न्या. आम्ही धानोऱ्याला राहत होतो. दवाखाना गडचिरोलीला, चाळीसेक किलोमीटरवर, आणि मधला रस्ता जंगलातला. पिकअप घेतली ती त्यासाठीच. एरवी तीत कुरखेड्याकडच्या सासुरवाडीचं धान यायचं.

आदल्या पावसाळ्यात मुलीला घेऊन निघालो असताना ती गाडी मध्येच बंद पडली. पाऊस होता, भरदिवसा अंधारून आलं होतं, दिवे आणि वायपर दोन्ही चालू होते, आणि चिखलामुळे दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नव्हतं. दिवे पिवळे पडले, वायपर अर्ध्यावर थांबला, मग इंजिनच थांबलं. जवळच्या पाड्यावरच्या लोकांनी बैलगाडी जुंपली आणि पुढच्या गावातल्या एका ट्रकपर्यंत आम्हाला पोचवलं. बैलगाडीचं अंतर नऊ किलोमीटर होतं. त्या नऊ किलोमीटरमध्ये मुलगी एकदाही ओरडली नाही. ओरडायलाही अंग हलवावं लागतं, असं तिनं नंतर आईला सांगितलं.

पुढे कित्येक दिवस मी हिशेब मांडत बसलो. गाडी पेट्रोलची, म्हणजे ठिणगीला वीज हवीच. तिला साडेतीन अँपिअर. दोन दिव्यांना साडेसात. मागचे आणि मीटरचे दिवे एक. वायपर तीन. एकूण पंधरा. डायनामोवर वीस लिहिलेलं होतं, पण ते इंजिन जोरात फिरत असताना. दुसऱ्या गिअरमध्ये तो त्याच्या निम्मंही देत नसे, आणि उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असताना तर काहीच नाही. जुन्या बॅटरीत चाळीस अँपिअर-तास धरले तर उभ्या गाडीला दोन तास चाळीस मिनिटं. त्यानंतर सगळं बंद.

बायको तांदूळ निवडत होती. म्हणाली, "झाला का हिशेब?"

"झाला."

"मंग मले एवढंच सांगा, येत्या पावसाळ्यात गाडी थांबन का नाई?"

"डायनामो आहे तोवर थांबेल."

"तं काढून फेका न त्याले! कागदावर काऊन मांडून राह्यले? कागदात बसून पोरीले नेता येते काजी?"

म्हणून मे महिन्यात रजा टाकून मी पिकअप चंद्रपूरला नेली. शहराच्या जुन्या परकोटाबाहेर एका चिंचेखाली गाड्यांची वायरिंग करणारा एक म्हातारा कारागीर होता. तरुणपणी तो कोळसा खाणीत दिव्यांच्या खोलीत कामाला होता. उन्हानं नट आवळायचे लोखंडी पाने हातात धरवत नसत, म्हणून तो ते ओल्या पोत्याखाली ठेवायचा. मी जयभीम घातला आणि माझे दोन कागद पुढे केले. एकावर विजेचा हिशेब होता. दुसऱ्यावर गाडीच्या वायरिंगचा नकाशा होता, मी स्वतः वायर न् वायरचा माग काढून प्रमाणात काढलेला.

त्यानं हिशेबाचा कागद दोनदा वाचला. "भाऊ, हे बराबर आहे. डायनामो पळत्या गाडीचा मित्र. उभ्या गाडीले तो ओळखत नाई. तुमाले अल्टरनेटर पाह्यजे."

अपघातात मोडलेल्या एका छोट्या ट्रकचा पस्तीस अँपिअरचा अल्टरनेटर त्याच्याकडे होता. डायनामोपेक्षा तो आखूड आणि हलका होता. एवढीशी वस्तू त्या जाड नळकांड्याच्या दुप्पट वीज कशी देईल, हे मला पटेना. त्यानं तो उघडूनच दाखवला. डायनामोत वीज फिरत्या भागात तयार होते आणि ब्रशांतून बाहेर येते. म्हणून त्याला फार जोरात फिरवता येत नाही. इथे आत फक्त चुंबक फिरतो, वीज बाहेरच्या स्थिर तारांत उमटते. मग कितीही फिरवा. त्यानं कप्पी मुद्दाम लहान बसवली, म्हणजे इंजिन मंद असलं तरी अल्टरनेटर वेगात फिरेल.

पहिला दिवस त्याला बसवायला जागा करण्यात गेला. लोखंडी पट्टीचा नवा आधार कापला, भोकं पाडली. पट्टा सरळ चालायला दोन्ही कप्प्या एका रेषेत लागतात. मी दोरी ताणून डोळा लावला आणि सांगितलं, दोन सूत बाहेर आहे. त्यानं स्वतः पाहिलं, वॉशर घातलं आणि म्हणाला, "मोजणीवाले कामाचे असतात म्हना की."

त्या शाबासकीनंच दुसऱ्या दिवशी घात केला.

आमच्या गाडीत जुन्या विलायती पद्धतीप्रमाणे बॅटरीचं अधिक टोक सांगाड्याला जोडलेलं होतं. अल्टरनेटरला उणे टोक सांगाड्याला लागतं. कारागिरानं सकाळी कॉइलच्या आणि त्या तबकडीच्या वायरी उलटून घेतल्या. बॅटरीच्या जाड तारांच्या कड्या तेवढ्या बदलायच्या राहिल्या. बॅटरी शेजारच्या दुकानात चार्जिंगला होती. दुपारी तो जेवायला घरी गेला. मधल्या वेळात बॅटरी परत आली. त्याचा अर्धा तास वाचावा म्हणून मी नकाशा उघडला आणि नकाशाप्रमाणे ती जोडली. जुन्या कड्या जुन्या टोकांवर चपखल बसल्या, त्यामुळे मनात शंकासुद्धा आली नाही. शेवटची तार टेकवताच मोठी ठिणगी उडाली, अल्टरनेटरमधून बारीक सुरसुर ऐकू आली आणि धूर निघाला. तार ओढून काढायला मला दोन सेकंद लागले असतील.

तो परत आला तेव्हा मी बाजूला उभा होतो. काय झालं ते सांगितलं, काही वगळलं नाही. त्यानं वास घेतला आणि माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"नकाशा कोनाचा?"

"माझाच."

"अन् गाडी?"

"माझीच."

"मंग दोघायची भेट काऊन नाई घालून देल्ली? सकायपासून गाडी बदलली न जी."

एवढंच. तो रागावला नाही. आयुष्यभर मी शेतकऱ्यांना सांगत आलो होतो की बांध सरकतो, म्हणून आधी जमीन पाहा आणि मग नकाशा. तेच मी विसरलो होतो. रजेचा एक दिवस उरला होता आणि आभाळ भरून यायला तीन आठवडे होते. दुसरा अल्टरनेटर चंद्रपुरात मिळेना. तो नागपूरहून कधी येईल, आला तरी या आधारावर बसेल का, सगळंच अनिश्चित होतं. धानोऱ्याला मी डायनामो घेऊन परतलो असतो तर बायकोला काय तोंड दाखवलं असतं कोण जाणे.

कारागिरानं अल्टरनेटर पुन्हा उघडला. मागच्या पत्र्यावर सुपारीपेक्षा लहान अशी सहा धातूची बटणं होती. त्यांना डायोड म्हणतात हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यानं एक बॅटरी, एक लहान बल्ब आणि दोन तारा घेतल्या. तारा एका डायोडला लावल्या, बल्ब लागला. तारा उलटून लावल्या, तरीही लागला.

"हे मेलं. दोन्हीकडून जाऊ देते."

एकेक करत पाच मेलेले निघाले. सहाव्याला एका बाजूनं बल्ब लागला आणि दुसऱ्या बाजूनं लागला नाही.

"हे जित्तं. याच्या दारातून बाहेर जाता येते, आत येता येत नाई. आत चुंबक फिरते तं वीज एकदा इकडे पयते, एकदा तिकडे. हे सहा दरवाजे तिले एकाच रस्त्यानं लावतात. तुमी बॅटरी उलटी लावली, तं सगळी वीज उघड्या दारातून घुसली अन् दारंच जळली."

मी त्याच्या हातातून तारा घेतल्या आणि स्वतः करून पाहिलं. लागला. उलट्या केल्या. नाही लागला. पुन्हा केलं. त्या बटणात हलणारा भाग नव्हता, झडप नव्हती, स्प्रिंग नव्हती. एक घट्ट, मुका दाणा होता आणि वीज कुठून आली ते त्याला कळत होतं. विसाव्या खेपेलाही तो चुकला नाही. मी मॅट्रिकला विज्ञानात चांगले गुण मिळवले होते, पण त्या चिंचेखाली उकिडवा बसून जे वाटलं तसं शाळेत कधी वाटलं नव्हतं. कारागिराच्या कपाळावरचा घाम तारांवर टपकत होता, आणि मी दहाव्यांदा विचारलं, "आणि हे असं किती वर्षं करतं?"

"कोनी मोजनीवाला येऊन जायेपर्यंत," तो म्हणाला.

मग त्यानं एक डबा ओतला. त्यात जळालेल्या अल्टरनेटरांचे मागचे पत्रे होते. प्रत्येकात एखादा तरी डायोड वाचलेला असतो म्हणून तो एकही टाकत नसे. आम्ही दोघांनी मिळून तपासायला घेतले. लाल खुणेचे वेगळे, काळ्या खुणेचे वेगळे; त्यांचीही अदलाबदल चालत नाही. एकोणतीस तपासले तेव्हा हवे तसे पाच जिवंत मिळाले. लोखंडी व्हाइसच्या पकडीत धरून त्यानं ते एकेक दाबून बसवले, कोळशावर तापवलेल्या तांब्याच्या टोकानं कथलाचे डाग दिले. कड्या बदलल्या. शेवटची तार जोडण्याआधी मध्ये बल्ब धरला. तो लागला नाही, म्हणजे वीज उलटी शिरत नव्हती, तेव्हाच तार आवळली.

"आता मारा स्टार्टर."

इंजिन चालू झालं. त्यानं दिवे लावायला सांगितले, मग वायपर. कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरला. मी काट्याकडे पाहिलं. उभी गाडी, मंद इंजिन, आणि काटा शून्याच्या उजवीकडे दोन रेघा. मी ॲक्सिलरेटरला पायही लावला नव्हता. मी खाली उतरलो, दिवे खरंच लागलेत का ते हातानं झाकून पाहिलं आणि परत येऊन काटा पाहिला. अधिक दोन.

"उतरून-चढून तो बदलत नाई, भाऊ," कारागीर हसला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मुलगी दुखण्यानं उठूच शकली नाही. आम्ही दहाच्या सुमारास निघालो. बायकोनं तिला मध्ये बसवलं, घोंगडीत गुंडाळलं आणि तिचे पाय गिअरबॉक्सच्या उंचवट्याला टेकवले. इंजिनच्या उष्णतेनं तो उंचवटा शेकत असे. दुखऱ्या पायांना तेवढं एकच बरं वाटायचं. अठरा किलोमीटरवर नाल्याला पूर आला होता. पुलाचे कठडे दिसत नव्हते. मागे वळावं तर मागचा ओढा आम्ही कसाबसा पार केला होता.

आम्ही तिथे तीन तास दहा मिनिटं उभे होतो. इंजिन बंद केलं असतं तर तिच्या पायांखालची ऊब गेली असती. दिवे बंद केले असते तर त्या धारेत मागून येणाऱ्या ट्रकला आम्ही दिसलो नसतो. वायपर बंद केला असता तर पाणी उतरतंय की चढतंय ते कळलं नसतं. सगळं चालू ठेवलं. माझ्या जुन्या हिशेबाप्रमाणे दोन तास चाळीस मिनिटांनी ते संपायला हवं होतं. मी घड्याळाकडे पाहणं सोडू शकत नव्हतो.

बायको दर थोड्या वेळानं मुलीला पाणी पाजत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमी घडी काऊन पाहून राह्यले? मले सांगा, मी पाह्यतो."

मी तिला तबकडीतला काटा दाखवला आणि काय बघायचं ते सांगितलं. ती मान न हलवता डोळे खाली करून वाचत राहिली. अधिक दोन. अधिक दोन. एकदा अधिक तीन. मध्येच कळ आली की तिचे ओठ पांढरे पडायचे, ती थांबायची आणि मग कळ ओसरली की आधी आकडा सांगायची. दोन तास चाळीस मिनिटं झाली तेव्हाही काटा अधिक दोनवरच होता. बाहेर पाण्यात सागाचं एक अख्खं झाड मुळांसकट वाहत गेलं. एवढ्या पाण्यासमोर इंजिनाचा तो बारीक आवाज आणि तबकडीतल्या दोन रेघा, एवढंच आमच्या बाजूनं होतं. आणि तेवढं पुरत होतं.

कठड्याचे दगड एकेक करून वर आले. पलीकडून एक गुराखी काठी टेकत आला, कमरेपर्यंत भिजलेला, आणि मध्यावर उभा राहून त्यानं हातानं खूण केली. आम्ही पार झालो. पावणेतीनला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी सलाईन लावताना विचारलं की किती वेळापासून दुखतंय आणि किती पाणी पाजलं. दोन्ही आकडे बायकोनं दिले. मी द्यायच्या आधीच.

पाचव्या दिवशी घरी सोडलं. वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. मी तिला उचलून घ्यायला वाकलो तर तिनं माझा हात बाजूला केला आणि बावीस पायऱ्या एकेक पाय टाकत स्वतः उतरली.