वसुधाचा मग

दुकानाच्या पायरीवर, उन्हात, दुकानदारानं माझ्या मगात पाणी ओतलं आणि तो स्पिरिटच्या चिमुकल्या स्टोव्हवर ठेवला. "काका, ट्रेकला या मगाखाली हाच बसेल. वजन म्हणाल तर खिशातल्या किल्ल्यांएवढं."

"पण हा पेटलाय कुठे?"

तो हसला. "उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. सगळे इथंच चुकतात. विझला समजून वरून आणखी स्पिरिट ओततात आणि भाजून घेतात. आधी जरा लांबून तळवा धरून बघायचं."

तो मग वसुधाचा, माझ्या बायकोचा. प्रत्येक गडावर ती तो पिशवीत घेऊन यायची. "एक छोटा स्टोव्ह घेऊ या ना, वर बसून चहा पिऊ," एवढंच तिचं मागणं. "ओझं कोण वाहणार?" असं म्हणून मी पुढे चालू लागायचो. पुढे तिनं विचारणं सोडलं. ती रुसली नाही, तेव्हा तिला आता त्याचं काही वाटत नाही, असं मी समजलो. गेल्या वर्षी ती गेली. नंतर तिची पिशवी उघडली, तर मगात चहाची पुडी होती, साखरेसकट.

मी तळवा धरला. चांगलीच धग होती. तिच्या गप्प बसण्याजवळ मी असा हात कधी नेलाच नाही.

पाणी उकळू लागलं. "बघा, एका माणसाचा चहा आरामात होतो," दुकानदार म्हणाला.

मी मान हलवली आणि स्टोव्ह बांधून द्यायला सांगितलं.