आबांच्या गाडीचं इंजिन

आबा गेल्यावर ऊस भावाच्या वाट्याला आला आणि जुनी सेडान माझ्या. ती त्याच्याच गोठ्याशेजारी उभी होती. शेवटी मी ती ओढून कराडच्या गॅरेजात नेली. अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं टर्बो इंजिन, गिअरबॉक्ससकट, तिच्यात बसवायला सांगितलं.

भाऊ आला तेव्हा जुनं इंजिन साखळीला लटकत होतं.

“कुणाला इचारून आबांची गाडी फाडलीस?”

“गाडी माझी हाय. तुझ्या बायकूनं टपावर शेणी वाळत घातल्या, तवा आबा आठवलं न्हाईत व्हय?”

भावानं ट्रॉली आणून ते जुनं इंजिन उचलून नेलं. मी अडवलं नाही.

नवं इंजिन सुरू झालं तेव्हा मला आनंद झाला नाही, त्वेष चढला. तशीच गावात गेले आणि भावाच्या दारात गाडी उभी करून एक्सलरेटर दाबत राहिले. वहिनीनं दार लावून घेतलं. भाऊ ओसरीवर बसून माझ्याकडं बघत होता. उठला नाही.

हल्ली राखीला मी सांगलीत माझ्या घरीच असते.