आयर्लंडच्या बागेत सावली शोधताना

लेकीला, सईला, डब्लिनच्या कॉलेजात सोडायला जायचं ठरलं. नवऱ्याला लीव्ह मिळाली नाही, आणि मी इथल्या, बहरीनच्या रिफा शहरातल्या, सगळ्या मैत्रिणींना ऐटीत सांगून बसले, "मी अजिबात रडणार नाही!" म्हणूनच तिला होस्टेलवर सोडण्याच्या आदल्या दिवशी एका जुन्या जमीनदारी इस्टेटीची सहल आखली. फुलं बघताना कोण रडतं?

व्हिसाचा अर्ज भरपूर आधी करा. बहरीनहून मध्ये विमान बदलावं लागतं. डब्लिनपासून भाड्याच्या गाडीने तासाभराचा रस्ता, पण गाडी डावीकडून. बहरीनमध्ये बारा वर्षं उजवीकडून चालवल्यामुळे प्रत्येक चौकात माझ्या तोंडी रामरक्षा होती.

पार्किंग अर्धं रिकामं होतं. अंगावर स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर शाल, आणि तरीही मी सवयीने गाडी नेली लांबच्या झाडाखाली.

"आई, इट्स ट्वेल्व्ह डिग्रीज!"

"असू दे. सीट तापते."

बाग खरंच बघण्यासारखी आहे. दगडी हवेली, तळ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने उतरणारी हिरवळ, उंच भिंतीआड सफरचंदं आणि गुलाब. चहाबरोबरचा गरम स्कोन, म्हणजे लोणी-जॅम लावून खायचा गोडसर पाव, चुकवू नका. मी मात्र सूचनांचा पट्टा सोडला होता: ओल्या केसांनी झोपू नकोस, वरणाला तीन शिट्ट्या दे. सई "येस, आई" म्हणत पुढे चालत होती.

परत येऊन बघतो तर गाडीची पुढची चाकं झाडाखालच्या चिखलात. मी ॲक्सिलरेटर दाबला, ती आणखी रुतली. माझं "अरे देवा" संपेपर्यंत सई तिथल्या माळीबुवांना फळीसकट घेऊन आली.

"सावलीत लावलीत?" ते इंग्रजीत म्हणाले. "आम्ही इथे वर्षभर उन्हाची वाट बघतो, मॅडम!"

सईने फळी चाकाखाली सरकवली आणि "स्लोली, आई, स्लोली!" करत त्यांच्याबरोबर धक्का दिला. गाडी सुटली. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली माझी लेक खिदळत त्यांना विचारत होती, डब्लिनहून इथे बस येते का? हिचं माझ्यावाचून काही अडणार नव्हतं. माझंच अडणार होतं. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी भोकाड पसरलं.

घरी आल्यावर नवरा फोटो बघायला बसला. चाळीस फोटो, चाळीसच्या चाळीस सईचे.

"अगं, बाग कुठंय?"

"ते काय, तिच्या खांद्यामागे गुलाब आहेत," म्हणत मी फोटो मोठा करून दिला. गुलाब सोडून तो कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत राहिला.